मागचं आतलं चाक हवेत उचललं जातंय, स्टॅबिलायझर बार काढू का राहू देऊ?

निगडीकर_जीटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा प्रश्न टाकतोय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

गाडी पोलो जीटी टीएसआय, १.२ पेट्रोल, डीएसजी, आपल्या चाकणचीच बनावट. दोन वर्षांत दोन कामं केली. आधी ३५ एमएम खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा टाकल्या, शॉकअप कंपनीचेच ठेवले. नंतर मागच्या बीमला (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा पत्रा) बोल्टने लागणारा जादा स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळणात गाडी कमी लोळावी म्हणून लावतात तो दांडा, बसवून घेतला, कारण वळणात नाक बाहेर जायचं, स्टिअरिंग कितीही वळवा गाडी आपली सरळच निघालेली. बार लागल्यावर गाडीचा स्वभावच बदलला, जिकडे बघतो तिकडे नाक जातं, खरंच खूप आवडली मला ती.

गेल्या महिन्यात मित्रांबरोबर कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेला ट्रॅक डे केला. तिथल्या फोटोवाल्याने एक फोटो पाठवला. उजवं वळण आहे, मागचं उजवं चाक पूर्ण हवेत, टायरच्या खालून पलीकडचा रंगवलेला कर्ब दिसतोय, चार बोटं तरी अंतर असेल. आत बसून मला काहीच कळलं नव्हतं. फोटो बायकोने बघितला आणि एकच विचारलं, ही गाडी घेऊन तू घाटात जातोस, मुलीला मागे बसवून? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यातून परत आल्यावर पंधरा दिवसांनी ताम्हिणीत रिमझिम होती, एका डाव्या वळणात वेग जास्त वाटला म्हणून पाय उचलला तर मागची बाजू सरकली, ईएसपीचा (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) दिवा लुकलुकला आणि गाडी सरळ झाली. फार नाही, हातभरच, पण पोटात गोळा आला. मुलगी गाडीत नव्हती.

आता गॅरेजवाला म्हणतो पुढेही जाड बार टाकू. एक मित्र म्हणतो चांगल्या हॅचबॅक अशाच चालतात, फोटो फ्रेम करून लाव. दुसरा म्हणतो उद्याच्या उद्या बार काढ, गाडी उलटेल. कुणाचं ऐकू?


स्पॅनर_कोल्हापूर

भावा, आधी एक गोष्ट डोक्यातनं काढ, चाक उचललं म्हणजे गाडी उलटायला लागली असं नाही. पण तुझ्या पोस्टमध्ये दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत, ट्रॅकवरचं चाक आणि ताम्हिणीतली शेपूट. पहिल्याचं आधी सांगतो.

वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं हे सगळ्यांना माहिती. पण एकूण किती जातं हे ना स्प्रिंग ठरवत, ना बार, ना शॉकअप. ते ठरतं गाडीचं वजन किती, त्या वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच, डाव्या-उजव्या चाकांत अंतर किती आणि वळणाचा जोर किती, एवढ्यावरच. बार फक्त वाटणी करतो, त्यातलं पुढच्या जोडीनं किती घ्यायचं आणि मागच्या जोडीनं किती.

आकडे मांडून बघू, तुझ्या गाडीच्या आसपासचे धरलेत, एवढेतेवढे होतील. ड्रायव्हरसकट ११५० किलो, त्यातले पुढे ६२ टक्के म्हणजे ७१३ आणि मागे ४३७. वजनाचा मध्य ५५ सेंटिमीटर उंच, चाकांतलं अंतर १४६ सेंटिमीटर. कोरड्या ट्रॅकवर चांगल्या टायरवर ०.९ जी, म्हणजे गाडीच्या वजनाच्या ०.९ पट आडवा जोर धर. मग ११५० गुणिले ०.९ गुणिले ५५ भागिले १४६, म्हणजे साधारण ३९० किलो आतून बाहेर जाणार. हे ३९० तू काहीही बदललंस तरी जवळजवळ तेवढंच राहणार, गाडी खाली बसवल्यानं किंचित कमी होईल तेवढंच.

आता उभ्या गाडीत मागच्या एका चाकावर २१८ किलो. कंपनी सेटिंगमध्ये मागची जोडी त्या ३९० मधला ४० टक्के वाटा घेते असं समज, म्हणजे १५६. मागच्या आतल्या चाकावर ६२ किलो उरले, चाक जमिनीवर. आता तू बार टाकलास, मागचा वाटा ५६ टक्क्यांवर गेला, म्हणजे २१८. आतल्या चाकावर उरलं शून्य. झालं, चाक उचललं.

पण ते ६२ किलो गेले कुठं? पुढच्या जोडीला कमी ओझं घ्यावं लागलं, म्हणून पुढच्या आतल्या चाकावर आधी १२२ किलो होते ते १८४ झाले. तुझी गाडी ओढणारं आणि वळवणारं चाक ते, त्याला वजन मिळालं म्हणून नाक आत यायला लागलं. टायरचा स्वभावच असा, वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून जोडीतल्या दोन चाकांत जितकी जास्त तफावत तितकी त्या जोडीची एकूण पकड कमी. तू तफावत पुढची कमी केलीस, मागची वाढवलीस. १९७६ची पहिली गोल्फ जीटीआय असो नाहीतर प्युजो २०५ जीटीआय, ट्रॅकवरच्या फोटोत मागचा एक पाय वर घेतलेल्या दिसतात त्या ह्याच हिशेबानं. मुद्दाम केलेली तडजोड आहे ती, कारण पुढच्या चाकांकडं तिन्ही कामं, वळायचं, ओढायचं आणि बरंचसं ब्रेकिंगपण.

बार म्हणजे नक्की काय करतो ते हातानं बघायचं असेल तर घरातला फॉइल पेपरचा रोल संपला की आतली पुठ्ठ्याची नळी घे. एक अखंड ठेव, दुसरी लांबीत उभी कापून टाक. दोन्ही पिळून बघ. कापलेली लगेच पिळते, अखंड पिळतच नाही. तुझा मागचा बीम हा त्या कापलेल्या नळीसारखा उघड्या तोंडाचा पत्रा आहे, डावं चाक वर आणि उजवं खाली जाऊ शकावं म्हणून मुद्दाम तसा केलेला. त्याला जादा बार बोल्ट केला की ती नळी पुन्हा बंद झाल्यासारखी होते. आणि जाडीचा परिणाम नुसता वाढत नाही, चौथ्या घातानं वाढतो, २० एमएमच्या जागी २२ एमएम भरीव बार टाकला तर ताठपणा ४६ टक्के वाढतो. दोन एमएमनं काय होतंय म्हणून गॅरेजवाले सहज बसवून देतात.

आता ताम्हिणी. तिथं चाक उचललेलंच नव्हतं भावा. ओल्या रस्त्यावर ०.५ जी मिळाले तरी पुष्कळ, तेवढ्या जोरात मागच्या आतल्या चाकावर अजून चांगलं शंभरभर किलो असणार. पण वाटणी तीच राहिली, मागची पकड कमी केलेली. त्यात तू मधेच पाय उचललास, वजन पुढं आलं, मागची जोडी आणखी हलकी झाली. म्हणजे चाक उचलणं वेगळं आणि शेपूट सुटणं वेगळं, मूळ एकच आहे, पण भीती बाळगायची ती दुसऱ्याची.


निगडीकर_जीटी

दादा, इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. बायकोला पण वाचून दाखवलं, तिने सगळ्यात आधी ताम्हिणीचाच परिच्छेद परत वाचायला लावला.

एक कळलं नाही. मागे अजून जाड बार टाकला तर पुढच्या चाकाला अजून वजन मिळेल का? आणि वळताना हलका ब्रेक असेल तर चाक जास्त उचलतं असं मला दुसऱ्या एका फोटोवरून वाटतंय, तसं असतं का?


कार्टवाली_ठाणे

पहिल्याचं उत्तर नाही. चाक एकदा उचललं की मागच्या जोडीकडे द्यायला काही उरलेलंच नसतं, मागचं सगळं वजन आधीच बाहेरच्या चाकावर. तिथून पुढे जोर वाढला तर वाढीव सगळं पुढच्या जोडीलाच घ्यावं लागतं, म्हणजे गाडी पुन्हा नाक बाहेर टाकायला लागते. जाड बारने एवढंच होईल की चाक अजून लवकर, अजून कमी वेगात उचलेल आणि ती मर्यादा अलीकडे येईल. जमिनीपासून चार बोटं आहे की आठ याने पकडीत काही फरक पडत नाही, ते नुसतं फोटोत दिसतं. चाक जमिनीला जेमतेम शिवतंय तिथेच तुम्हाला जे मिळायचं ते मिळून गेलेलं असतं.

मी कार्ट चालवते म्हणून हे माझ्या जिव्हाळ्याचं. कार्टला मागे डिफरेन्शियल नसतं, दोन्ही चाकं एका अखंड रॉडवर, बरोबरच फिरणार. वळणात आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं, पण ते फिरणार बाहेरच्याइतकंच, म्हणजे ते घासत राहून कार्टला सरळ ढकलतं. म्हणून कार्टमध्ये मागचं आतलं चाक उचललंच पाहिजे, नाहीतर ती वळतच नाही. सस्पेन्शनही नसतं, ते काम चासीच्या नळ्या वाकून करतात. आणि उचलायची सुरुवात कुठून होते तर स्टिअरिंगपासून, पुढे कास्टर (चाक ज्या धुरीवर वळतं तिचा मागे झुकलेला कोन) इतका दिलेला असतो की स्टिअरिंग वळवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि बाहेरचं वर जातं. चारपायी स्टुलाच्या एका पायाखाली पुस्तक सरकवलं की शेजारचा पाय उचलतो ना, तसंच.

शिकताना आमच्या कोचने मला एक संपूर्ण सेशन फक्त एवढंच ऐकायला लावलं होतं, चाक कधी परत टेकतं. टेकलं की इंजिनचा आवाज दबतो, कार्ट थोडी जड होते. लवकर टेकलं तर वळण अर्धं राहिलं, उशिरा टेकलं तर बाहेर पडताना वेग गेला. तुमच्या गाडीत ते ऐकू येणार नाही, कारण मागची चाकं ओढत नाहीत. तुम्ही पुढचं आतलं चाक ऐका. वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर दिल्यावर ते फिरतं का? फिरत नसेल तर बार त्याचं काम करतोय.

दुसऱ्याचं उत्तर हो. ब्रेक लावला की वजन पुढे येतं. वरच्याच आकड्यांनी, हलका ०.३ जीचा ब्रेक धरला आणि पुढच्या-मागच्या चाकांमध्ये अडीच मीटर, तर ७५ किलोच्या आसपास मागून पुढे. मागे ४३७ होते ते ३६० झाले, मग चाक उचलायला कमीच जोर लागतो. म्हणून असे फोटो बहुतेक वळणात शिरतानाचेच असतात. पण ब्रेक दाबलेला असताना उचललेलं चाक क्षणात लॉक होतं, त्याला धरायला जमीनच नसते. बऱ्याच गाड्यांचं एबीएस मागच्या दोन्ही चाकांचा ब्रेक कमी पकडीच्या चाकाच्या हिशोबाने सोडतं, म्हणजे हवेतल्या चाकापायी जमिनीवरच्याचाही ब्रेक कमी होऊ शकतो. ट्रॅकवर चालून जातं, रस्त्यावर समोर ट्रक असताना नाही.


जुनी_मोटार

नमस्कार. मी वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा असेन, मला या निमित्ताने आमची हेराल्ड आठवली. स्टॅंडर्ड हेराल्ड, मद्रासला बनायची. वडिलांनी हौसेने घेतली होती. तिच्या मागच्या बाजूला स्विंग अॅक्सल होता, मधल्या गोळ्यापासून दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे धुरे, आणि वर आडवा पाटा.

त्या गाडीतही चाकाचा खेळ व्हायचा, पण तो वाईट जातीचा. वळणात जोराने गेलं आणि मधेच पाय काढला की मागची बाजू वर उचलली जायची, बाहेरचं चाक गाडीच्या पोटाखाली दुमडल्यासारखं व्हायचं, टायर कडेवर उभा राहायचा आणि मागची पकड एकदम नाहीशी. याला जॅकिंग म्हणतात, गाडीखाली कोणी जॅक लावल्यासारखी ती वर चढते. वडील खंबाटकी उतरताना वळणाआधीच गियर टाकून वेग कमी करायचे, वळणात पाय मुळीच हलवायचे नाहीत, आणि आम्हाला मागे बोलूही द्यायचे नाहीत. लहानपणी तो मला त्यांचा कडकपणा वाटायचा, पुढे स्वतः ती गाडी चालवली तेव्हा कळलं.

सांगायचा मुद्दा असा की निगडीकरांच्या फोटोत मला त्यांच्या आतल्या चाकापेक्षा बाहेरचं चाक बघायला आवडेल. ते सरळ उभं आहे का, टायर रिमखालून बाहेर लोळतोय का? तिन्ही चाकं नीट टेकलेली असतील तर चौथ्याची काळजी कमी करा.

आणि उचललेलं चाक नेहमी मागचंच असतं असंही नाही. जिम क्लार्कने १९६४ साली लोटस कॉर्टिना घेऊन ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप जिंकली, तिच्या फोटोत पुढचं आतलं चाक हवेत असतं. ती मागच्या चाकांवर ओढणारी गाडी, म्हणून तिथे उलटं, पुढची बाजू ताठ, म्हणजे मागची दोन्ही चाकं जमिनीवर राहून जोर लावतील. जुन्या पोर्शे ९११ सुद्धा तशाच, इंजिनच मागे, वळणातून बाहेर पडताना पुढचं आतलं चाक उचलून निघतात. जी चाकं ओढतात त्यांना जमिनीवर ठेवायचं आणि उरलेल्यांनी सोसायचं, एवढं एक सूत्र धरलं तर कुठलाही फोटो वाचता येतो.


स्टुटगार्ट_सकाळ

स्पॅनर भाऊंचा हिशोब बरोबर आहे पण मला त्यांच्या निदानाशी अर्धंच पटतंय. सगळा दोष बारवर का टाकताय? मूळ पोस्टमध्ये ३५ एमएम खाली बसवलेल्या स्प्रिंगा आणि कंपनीचेच शॉकअप लिहिलंय, मी इथे चासीच्याच कामात आहे आणि मला तरी पहिला संशय तिथे येतो.

कारण सांगतो. गाडी ३५ एमएम खाली बसली म्हणजे चाकाला वर यायला जागा ३५ एमएमने कमी झाली. कंपनीचा बंपस्टॉप (चाक फार वर आलं की त्याला अडवणारं रबर) मात्र आहे तेवढाच लांब. वळणात बाहेरचं मागचं चाक वर येतं आणि त्या रबरावर जाऊन बसतं. रबरावर बसलं की स्प्रिंग-बार सगळं विसरा, मागची बाजू एका क्षणात दगडासारखी ताठ होते, म्हणजे मागचा वाटा ५६ टक्के काय त्याच्याही वर जायला बघतो आणि आतलं चाक तडक उचलतं. बारने वाढवलेला ताठपणा हळूहळू येतो, ड्रायव्हरला कळतो. बंपस्टॉपचा एकदम येतो. आणि घाटात वळणात छोटा उंचवटा लागला, चाक आधीच रबराला टेकलेलं असलं, तर तिथून ते उडी मारतं. ताम्हिणीत नुसता पाय उचलल्याने सरकली का त्याच जागी रस्त्याला जोड किंवा खड्डा होता, आठवून बघा.

दुसरं, स्प्रिंग ताठ झाली की ती आतल्या चाकाला खाली ढकलते ते अंतरही कमी होतं. मागच्या एका चाकावर स्प्रिंगला १९० किलो पेलायचेत असं धरा. स्प्रिंग एमएमला २.२ किलोची असेल तर ती ८६ एमएम दबलेली असते, तेवढं खालपर्यंत ती चाकाला जमिनीवर दाबत राहते. तीच ३ किलोची केली तर ६३ एमएम, त्याच्या खाली स्प्रिंग मोकळी, चाक नुसतं लोंबकळणार. (हे आकडेही समजुतीसाठी.)

तिसरं, पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. खाली बसवल्यावर लोअर आर्म आडवा किंवा उलटा तिरका होतो, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात लोळते तो) गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली जातं, दोघांतलं अंतर वाढतं. म्हणून खाली बसवलेली गाडी ताठ स्प्रिंग असूनही तितकीच लोळते, कधी जास्तच. तुमचं नाक बाहेर जायला लागलं ते स्प्रिंगा बदलल्यानंतर का? तसं असेल तर एका बदलाने आणलेला त्रास तुम्ही दुसऱ्या बदलाने झाकलाय.

पुढे जाड बार टाकायचा गॅरेजवाल्याचा सल्ला माझ्या मते चुकीचा. मागचं चाक खाली येईल खरं, पण पुढचं आतलं चाक हलकं होईल आणि तुम्ही जिथून निघालात तिथेच परत.


निगडीकर_जीटी

सर, अगदी बरोबर पकडलंत. नाकाची तक्रार स्प्रिंगा बदलल्यावरच सुरू झाली, त्याआधी एवढी नव्हती. आणि ताम्हिणीत त्या वळणात मोरीवरचा उंचवटा आहे, मला आता लख्ख आठवतंय, धप्प झालं आणि मगच सरकली.


स्पॅनर_कोल्हापूर

स्टुटगार्टवाले, पटलं. बंपस्टॉप माझ्या डोक्यात यायला पाहिजे होता, चूक झाली माझी.

निगडीकर, आता अंदाज पुरे, मापून बघ. मागच्या शॉकअपचं धूळझाकण वर सरकव, दांड्यावर एक केबल टाय घट्ट आवळ, सहज हलणार नाही इतका, आणि शॉकअपच्या डोक्यापर्यंत खाली ढकलून ठेव. नेहमीच्या रस्त्यावर नेहमीसारखी गाडी चालव, उगीच जोर लावायचा नाही. परत येऊन बघ टाय कुठं सरकलाय. बंपस्टॉपला चिकटून बसला असेल तर उत्तर मिळालं. दोन्ही बाजूला कर.

शिवाय सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपनं माप घे, मग जॅक लावून चाक लोंबकळू दे आणि परत माप. लोंबकळताना स्प्रिंग हातानं फिरते का बघ. फिरली तर ती मोकळी सुटते, आणि मोकळी सुटलेली स्प्रिंग परत बसताना तिरकी बसली तर भलताच ताप.

आणि सरावासाठी घाट नको. ओळखीचं मोठं मोकळं डांबरी यार्ड मिळालं तर कोन मांडून २० मीटर त्रिज्येचं वर्तुळ कर, चारी बाजूला भरपूर मोकळं ठेव. ताशी ४८ किलोमीटरला साधारण ०.९ जी होतात. ३५ पासून हळूहळू चढव, बाहेर कुणाला तरी मोबाइल घेऊन जमिनीलगत बसव, पण वर्तुळाच्या आत, बाहेर नाही.


निगडीकर_जीटी

मंडळी, तीन आठवड्यांनी आलोय, उशीर झाला, पण सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

केबल टाय लावून चिंचवड ते मुळशी एकदा जाऊन आलो, एकटाच, अगदी शांतपणे. दोन्ही टाय बंपस्टॉपला टेकलेले, डावीकडचा तर रबरात रुतून बसलेला. झाकण वर केलं तर बंपस्टॉपच्या खालच्या कडेचे तुकडे उडालेत, काळा भुगा आत साठलाय. दोन वर्षं मी जवळजवळ रोज त्या रबरावरच गाडी चालवत होतो आणि ताठ वाटते म्हणून खूष होतो. मापं घेतली. मागचं चाक लोंबकळताना स्प्रिंग हाताने सहज फिरली, दोन्हीकडे.

मग चारही स्प्रिंगा काढून कंपनीच्या परत बसवल्या (जुन्या माळ्यावर ठेवल्या होत्या, बरं झालं), मागचे बंपस्टॉप नवे घातले, अलाइनमेंट केलं. बार तसाच ठेवून एका ओळखीच्यांच्या कारखान्याच्या यार्डात रविवारी वर्तुळ केलं. मधे मेहुणा मोबाइल घेऊन बसला. ४५ पर्यंत मागचं आतलं चाक जमिनीवर, टायरचं पोट सुटत सुटत जातं हे व्हिडिओत स्पष्ट दिसतं. ४८ ला दोन बोटं उचललं आणि नाक हळूच बाहेर जायला लागलं, कार्टवाली ताईंनी लिहिलं होतं अगदी तसंच, त्याच्या पुढे गाडी जास्त वळतच नाही. मग बार काढून तेच केलं. चाक उचललं नाही, पण नाक ४४ लाच बाहेर जायला लागलं आणि अॅक्सिलरेटर दिल्यावर पुढचं आतलं चाक चिरकायला लागलं. एकाच दुपारी दोन्ही पाठोपाठ बघितल्यामुळे स्पॅनर दादांचे ते ६२ किलो मला पहिल्यांदा खरे वाटले.

शेवटी त्याच यार्डात पाणी मारून घेतलं, टँकर त्यांचाच होता. ३५ ला वर्तुळात मधेच पाय उचलून बघितला. बार असताना मागची बाजू सुटायला बघते, ईएसपी पकडतं. बार नसताना नुसतं नाक आत येतं. हे बायको पण बघत होती, तिने तिथेच निर्णय सांगितला आणि मला मान्य आहे. पावसाळ्यात बार घरी. चार बोल्ट आहेत, जॅकस्टँडवर घेतलं की अर्ध्या तासाचं काम. ट्रॅकला जाताना लावायचा, परत आलो की काढायचा.

एकच राहिलं, दरवेळी काढघाल करणार तर त्या बोल्टांचं काय, तेच वापरत राहू का?


स्पॅनर_कोल्हापूर

नायलॉकचे नट असतील तर दरवेळी नवे घे, त्यातलं नायलॉन एकदा सैल झालं की धरत नाही. टॉर्क रेंच वापर, बारबरोबर आलेल्या कागदावरचा आकडा बघ, अंदाजानं पान्यानं ओढू नको. लावल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरला परत एकदा तपास, आणि बीमला जिथं क्लॅम्प बसतो तिथला रंग उडाला असेल, तिथं आत्ताच प्रायमर मार. पावसाळा पुढं आहे.


जुनी_मोटार

आणि त्या मोरीवरून आता परत एकदा जाऊन बघा, दिवसाउजेडी, कोरडं असताना. काय वाटलं ते लिहा इथे.


निगडीकर_जीटी

कालच गेलो होतो काका, मुलगी मागे होती. मोरी आली आणि गेली, धप्प नाही की काही नाही. तिची झोपही मोडली नाही.